जुळवून कोणी घ्यायचे?

६४-बिटी लिनक्स कर्नलवर जुना ३२-बिटी प्रोग्राम चालवला, की कधी कधी एखादे उपकरण एकाएकी मुके होते. कारखान्यातले मोजमापाचे कार्ड असो, प्रयोगशाळेतला कॅमेरा असो, जुन्या ३२-बिटी कर्नलवर ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले असते. कर्नल बदलला आणि प्रोग्राम सांगू लागला, की ही आज्ञा या उपकरणाला लागू नाही. वायर शाबूत, उपकरण शाबूत, प्रोग्रामचे एक अक्षरही बदललेले नाही. मग बिघडले काय, आणि दुरुस्त कोणी करायचे? पहिला प्रश्न तंत्राचा आहे, दुसरा नीतीचा. पहिल्याचे उत्तर आपल्याकडे महाविद्यालयांत अर्धेमुर्धे शिकवले जाते, दुसरा तर कोणी विचारतच नाही. तो विचारायला हवा, कारण दुरुस्ती कशी होणार हे ती कोणाचे काम आहे यावरून ठरते.

आधी तंत्र समजून घेऊ. प्रोग्रामला उपकरणाला थेट हात लावता येत नाही. मध्ये कर्नल असतो आणि त्या उपकरणापुरता कर्नलचा कारभारी म्हणजे ड्रायव्हर. साध्या वाचण्या-लिहिण्यापलीकडची खास कामे, म्हणजे वेग ठरवणे, एखादा भाग बंद-चालू करणे, स्थिती विचारणे, प्रोग्राम 'आयऑक्टल' नावाच्या हाकेतून सांगतो. या हाकेबरोबर बहुधा एक स्ट्रक्चर जाते. स्ट्रक्चर म्हणजे भरलेला अर्ज समजा, पण असा की ज्यावर रकान्यांची नावे छापलेलीच नाहीत. पहिले चार बाइट ओळखक्रमांकाचे, पुढचे आठ पत्त्याचे, असे दोन्ही पक्षांनी मनात धरलेले असते. घेणारा कारकून पट्टी लावून मोजतो आणि जिथे जे असायला हवे तिथले वाचतो. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या निघाल्या, तर नावाच्या जागी गाव आणि गावाच्या जागी वय वाचले जाते.

पट्ट्या वेगळ्या का निघतात? सी भाषेतला 'लाँग' पूर्णांक आणि 'पॉइंटर' हे दोन्ही ३२-बिटी लिनक्सवर चार बाइटांचे असतात, ६४-बिटीवर आठ बाइटांचे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. खरी मेख पुढे आहे. एका स्ट्रक्चरमध्ये आधी चार बाइटांचा क्रमांक आणि मग आठ बाइटांची संख्या आहे असे धरा. इंटेलच्या ३२-बिटी पद्धतीत ती आठ बाइटांची संख्या चारच्या पटीतल्या कोणत्याही जागी बसू शकते, म्हणून एकूण लांबी बारा बाइट. ६४-बिटी पद्धतीत तिला आठच्या पटीतली जागा लागते, म्हणून कंपायलर मध्ये चार रिकामे बाइट घालतो आणि लांबी सोळा होते. या रिकाम्या बाइटांना पॅडिंग म्हणतात. ते कोणी लिहिलेले नसतात आणि कोड वाचणाऱ्याला दिसतही नाहीत.

आता क्रम उलटा करा. आठ बाइटांची संख्या आधी, चार बाइटांचा क्रमांक नंतर. दोन्ही पद्धतींत दोन्ही रकाने अगदी त्याच जागी येतात, आणि तपासणारा खूश होतो. पण ६४-बिटी कंपायलरने चार बाइट शेपटीला जोडलेले असतात. ड्रायव्हर उत्तर परत लिहितो तेव्हा बारा बाइटांच्या जागेत सोळा बाइट ओततो आणि शेजारच्या चार बाइटांवर नांगर फिरतो. त्यातून ३२-बिटी आर्म प्रोसेसरच्या आजच्या पद्धतीत आठ बाइटांची संख्या आठच्याच पटीत बसते, त्यामुळे तिथे हा दोष दिसतही नाही. आर्मच्या बोर्डावर महिनोन्‌महिने तपासलेला ड्रायव्हर इंटेलच्या यंत्रावर पहिल्याच दिवशी घसरतो. 'माझ्याकडे चालते' या वाक्याला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची, ते यावरून कळावे.

लिनक्सने इथे एक शहाणपण केलेले आहे. आयऑक्टलच्या ३२-बिटी क्रमांकातच स्ट्रक्चरची लांबी गुंफण्याची पद्धत आहे, बहुतेक यंत्रांवर त्यासाठी १४ बिट राखलेले असतात. बारा बाइटांचे स्ट्रक्चर पाठवणाऱ्याची आज्ञा आणि सोळा बाइटांची वाट पाहणाऱ्याची आज्ञा यांचे क्रमांकच वेगळे पडतात, आणि ड्रायव्हर 'ओळखत नाही' म्हणून हाक परत पाठवतो. उपकरण मुके होते ते यामुळे. वापरणाऱ्याला त्रास होतो, पण त्याची फसवणूक होत नाही. ज्या ड्रायव्हरांनी ही पद्धत न पाळता एक, दोन, तीन असे सुटे क्रमांक दिले, तिथे गोष्ट अधिक वाईट होते. हाक स्वीकारली जाते, भलत्या जागचे आकडे वाचले जातात, आणि 'काम झाले' असे उत्तर जाते. मोजमापाच्या यंत्राने चुकीचा आकडा ठामपणे सांगण्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

आता नीतीचा प्रश्न. असा दोष समोर आला की ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या मनात तीन पळवाटा येतात.

पहिली पळवाट म्हणजे 'प्रोग्राम नव्याने ६४-बिटी कंपाइल करून घ्या' हा सल्ला. तो देणाऱ्याने समोर कोण उभे आहे हे पाहिलेले नसते. जुना ३२-बिटी प्रोग्राम हौसेने कोण चालवतो? ज्याच्या यंत्राचा पुरवठादार धंदा गुंडाळून गेला, ज्याच्याकडे प्रोग्रामचा मूळ कोड कधीच नव्हता, ज्याच्या प्रयोगशाळेला नवे उपकरण घ्यायला अनुदान नाही, तो. रास्पबेरी पायसारख्या स्वस्त बोर्डांवर खाली ६४-बिटी कर्नल आणि वर ३२-बिटी प्रणाली ही जोडी सर्रास आढळते, कारण कमी मेमरीत ३२-बिटी प्रोग्राम आटोपशीर बसतात. गूगलने प्ले स्टोअरवर ६४-बिटी आवृत्ती सक्तीची करायला सुरुवात केली ती ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याआधीची कितीतरी ३२-बिटी अॅप ६४-बिटी फोनांवर चालत होती. या सगळ्यांना 'कंपाइल करा' म्हणणे म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर काम ढकलणे.

दुसरी पळवाट 'पॅक्ड' या शब्दाची. स्ट्रक्चरला हा शब्द जोडला की कंपायलर रिकामे बाइट काढून टाकतो आणि दोन्हीकडची लांबी एक होते. वरकरणी हा रामबाण इलाज वाटतो. पण ६४-बिटी प्रोग्राम आजवर सोळा बाइटांच्या हिशेबाने चालत आले होते, त्यांचे काय? काल त्यांचे चालत होते, आज ते बिघडले. शिवाय आडनिड्या जागी बसलेली आठ बाइटांची संख्या वाचायला काही प्रोसेसरांना जादा खटाटोप करावा लागतो, काही तर थेट चूक नोंदवतात.

तिसरी पळवाट अधिक सभ्य दिसते. 'आता सगळीकडे नीट आठ बाइट करून टाकू' असे म्हणून आहे त्याच स्ट्रक्चरची मांडणी बदलायची. स्ट्रक्चर सुंदर होते, लिहिणाऱ्याला स्वच्छतेचे समाधान मिळते, आणि जुन्या मांडणीवर विसंबलेला प्रत्येक जण, ३२-बिटी असो वा ६४-बिटी, उघड्यावर पडतो.

तिन्ही पळवाटांत एक सूत्र आहे. खर्च त्या पक्षाच्या माथी जातो जो चर्चेच्या खोलीत हजर नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात मूळ कोड आहे, कंपायलर आहे, ज्ञान आहे. वापरणाऱ्याच्या हातात चालू किंवा बंद पडलेले उपकरण आहे, एवढेच. दोघांत जुळत नसेल तर जुळवून घेण्याचे ओझे ज्याच्याकडे बदलण्याची ताकद आहे त्याने उचलावे, हा साधा न्याय आहे. समाजात आपण तो मोठ्या तोंडाने सांगतो, पण कोड लिहिताना तोच न्याय आठवत नाही, कारण अन्याय झालेला माणूस पडद्यावर दिसत नाही.

योग्य दुरुस्ती याच न्यायाने चालते. २००५ मध्ये आलेल्या २.६.११ या कर्नलपासून ड्रायव्हरला ३२-बिटी हाकांसाठी वेगळे दार ठेवता येते, त्याचे नाव 'कंपॅट आयऑक्टल'. त्याआधी ही भाषांतरे कर्नलमधल्या एका मध्यवर्ती कोष्टकात नोंदवली जात. कोणत्या ड्रायव्हरचे स्ट्रक्चर कसे आहे, याची चिंता भलत्याच माणसाने वाहायची, असा तो प्रकार होता. पुढे ते कोष्टक रिकामे करत आणले गेले आणि २०२० च्या सुमारास ते संपले. ज्याने स्ट्रक्चर लिहिले त्यानेच त्याचे भाषांतर सांभाळायचे, हा बदल तांत्रिक तितकाच नैतिक होता.

या दारात करायचे काय? ३२-बिटी प्रोग्रामच्या नजरेतून दिसते तसे स्ट्रक्चर हुबेहूब वेगळे लिहायचे. त्यातला एकेक रकाना उचलून ६४-बिटी स्ट्रक्चरमध्ये त्याच्या जागी ठेवायचा. पॉइंटर आला तर त्याला सरळ आठ बाइटांत ओढायचे नाही, त्यासाठी असलेल्या ठरावीक फंक्शनमधून न्यायचे. आयबीएमच्या एस/३९० या मोठ्या यंत्रांवर जुने पत्ते ३२ नव्हे, ३१ बिटांचे असतात आणि वरचा एक बिट झाकून टाकावा लागतो. ज्याने ते यंत्र आयुष्यात पाहिलेले नाही, त्यानेही ते फंक्शन वापरायचे, कारण आपल्याला न दिसणारा माणूस तिथे बसलेला असू शकतो. आणि उत्तर भरण्याआधी संपूर्ण स्ट्रक्चर शून्याने पुसून घ्यायचे. नाहीतर त्या रिकाम्या चार बाइटांत कर्नलच्या मेमरीत आधी पडून राहिलेले काहीतरी, कदाचित दुसऱ्या कोणाचे गुपित, बाहेर जाते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. भाषांतराचा हा कोड क्वचित चालतो, क्वचित तपासला जातो आणि म्हणून धोकादायक असतो. याला दाखला आहे. लिनक्सच्या नेटफिल्टर या भागात ३२-बिटी स्ट्रक्चरचे ६४-बिटीत रूपांतर करताना लांबी आठच्या पटीत आणण्यासाठी शेवटी काही शून्य बाइट भरले जात. ते काही वेळा राखलेल्या जागेच्या बाहेर पडत. हा दोष २००६ च्या कोडमध्ये शिरला आणि २०२१ मध्ये गूगलच्या अँडी गुयेन यांनी तो उघडकीस आणला. नोंद झाली ती सीव्हीई-२०२१-२२५५५ या क्रमांकाने. जागेबाहेर पडलेल्या मोजक्या शून्यांवरून संपूर्ण यंत्राचा ताबा कसा मिळवता येतो, हे त्यांनी करून दाखवले. पंधरा वर्षे जगभरच्या सर्व्हरांत हे भोक होते. मग असा कोड ठेवावाच कशाला?

आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य, निष्कर्ष अमान्य. दुबळ्यासाठी ठेवलेल्या दाराची कडी सैल निघाली, म्हणून दार चिणून टाकणे हा न्याय नव्हे. कडी नीट बसवावी. ते दार दुय्यम आहे, तिथे कोण येणार आहे, या समजुतीनेच कडी सैल राहते. जो कोड आपण स्वतः वापरत नाही तो निष्काळजीपणे लिहिण्याची खोड सुधारली, तर धोका पुष्कळ कमी होईल. दुसरे असे की जुने अमर ठेवा, असा आग्रह कोणीच धरलेला नाही. इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सने २०१३ च्या ३.८ आवृत्तीत सोडला, आणि लिनक्सचा जन्मच त्या प्रोसेसरवर झाला होता. वापरणारे जवळपास उरले नाहीत असे पाहून, उघड चर्चा करून जुने निरोप घेऊ शकते. न सांगता, न विचारता, 'चालत नसेल तर तुमची चूक' म्हणून त्याला हाकलणे मात्र चूक.

भाषांतराच्या दाराहूनही चांगला मार्ग म्हणजे त्याची गरजच पडू नये असे मुळात लिहिणे. नियम सोपे आहेत. आयऑक्टलच्या स्ट्रक्चरमध्ये 'लाँग' नको, लांबी नावातच सांगणारे ३२ किंवा ६४ बिटांचे प्रकार वापरा. पॉइंटर पाठवायचा असेल तर तो ६४-बिटी संख्येच्या रकान्यात पाठवा. रिकामी जागा कंपायलरवर सोडू नका, 'राखीव' असा रकाना स्वतः लिहा आणि एकूण लांबी आठच्या पटीत आणा. त्या राखीव रकान्यात शून्याखेरीज काही आले तर हाक नाकारा. हा शेवटचा नियम लोक कंटाळून गाळतात. पण आज तपासले नाही, तर कोणीतरी तिथे कचरा भरून पाठवत राहतो आणि उद्या तो रकाना खऱ्या कामासाठी उघडायची सोय राहत नाही. डॅनियल फेटर यांनी ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या अनुभवातून हे धडे २०१३ मध्ये लिहून काढले, पुढे ते कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांत गेले. स्ट्रक्चरच्या पोटातली रिकामी भोके दाखवणारे 'पाहोल' नावाचे फुकट साधन आहे. कंपाइल होतानाच लांबी तपासून थांबवणारी ओळ लिहिता येते. इतके सगळे हाताशी असताना चूक झाली, तर अज्ञान हे कारण फार काळ टिकत नाही.

सुधारणा आणि मोडतोड यांतला फरक पाहायचा असेल तर २०३८ च्या प्रश्नाकडे पाहावे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मोजणारी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, मोजणीच्या टोकाला पोचतील. पुढच्या सेकंदाला त्यांच्या मते डिसेंबर १९०१ उजाडेल. वेळेची नोंद शेकडो ड्रायव्हरांच्या स्ट्रक्चरमध्ये बसलेली होती. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्राला वेळ, कळफलकाच्या प्रत्येक दाबाला वेळ. नव्याने सगळे आठ बाइटांचे करून टाकले असते, तर एका फटक्यात जुने प्रोग्राम मेले असते. आर्न्ट बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून वेगळी वाट काढली. फाइलींच्या वेळेच्या नोंदी ६४-बिटी करण्यात दीपा दिनमणी यांनी मोठा वाटा उचलला. २०१९ च्या ५.१ आवृत्तीत जुन्या हाकांशेजारी नव्या हाका आल्या, जुन्या तशाच चालू राहिल्या. मार्च २०२० च्या ५.६ पर्यंत ३२-बिटी कर्नल २०३८ ओलांडायला जवळजवळ सज्ज झाला.

डेबियन या लिनक्स वितरणाने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिटी आर्मची वेळ ६४-बिटी केली, पण जुन्या ३२-बिटी इंटेलची मुद्दाम तशीच ठेवली. कारण आता ३२-बिटी इंटेलच्या डेबियनचे मुख्य प्रयोजनच जुने तयार प्रोग्राम चालवणे हे आहे. वेळ बदलली तर उपयोगच संपला. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन उत्तरे देणे ही विसंगती वाटेल, पण कोण वापरतो आणि कशासाठी, हे विचारून दिलेली ती उत्तरे आहेत. विवेक म्हणतात तो हाच.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा तर हा पहिला नियम आहे की कर्नलच्या बदलाने चालणारा प्रोग्राम बिघडता कामा नये. डिसेंबर २०१२ मध्ये एका बदलाने त्रुटीचा क्रमांक बदलला, ध्वनीचे प्रोग्राम बिघडले आणि दोष प्रोग्रामचाच, असा बचाव झाला. त्यावर टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे, अत्यंत शिवराळ भाषेत तो बचाव करणाऱ्या सहकाऱ्याला झापले. तत्त्व शंभर टक्के बरोबर होते, भाषा तितकीच चूक. दूरच्या अनोळखी वापरकर्त्याची कदर करायची आणि शेजारच्या सहकाऱ्याचा अपमान करायचा, हे एकाच नीतीत बसत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामापासून दूर राहिले. नियम टिकला, आणि तो टिकण्यासाठी शिव्यांची गरज नव्हती हेही दिसले.

आता घरच्या गोष्टीकडे. महाराष्ट्रातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषा वर्षानुवर्षे टर्बो सी वर शिकवली गेली. डॉसच्या काळातला हा १६-बिटी कंपायलर, नव्या संगणकावर तो चालवायला डॉसचे सोंग आणणारा वेगळा प्रोग्राम लागतो. त्यावर शिकलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत 'इंट म्हणजे दोन बाइट' असे ठासून सांगतो आणि गुण मिळवतो. कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंपायलरमध्ये, हा उपप्रश्न विचारण्याची पद्धत नाही. पुढे हाच विद्यार्थी पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये ड्रायव्हर लिहायला बसतो. स्ट्रक्चरची लांबी ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट आहे असे मानण्याची त्याची सवय झालेली असते. आपल्या यंत्रावरचे सत्य ते सगळ्या जगाचे सत्य, ही ती सवय. तिला तंत्रज्ञान म्हणायचे की जुनीच अंधश्रद्धा नव्या कपड्यांत, ते ज्याने त्याने ठरवावे.

उपाय महागडे नाहीत. प्रात्यक्षिकात एकच स्ट्रक्चर ३२ आणि ६४ अशा दोन्ही पद्धतींनी कंपाइल करून लांबी छापायला लावा. दोन आकडे वेगळे दिसले की विद्यार्थ्याला कोणतेही व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच स्ट्रक्चरमधली रिकामी जागा त्याला शोधू द्या, मग भाषांतराचे फंक्शन लिहू द्या आणि जुना प्रोग्राम न बदलता चालतो का, यावर गुण द्या. नवा प्रोग्राम लिहिल्याचे गुण आपण देतोच. दुसऱ्याचा जुना प्रोग्राम चालू ठेवल्याचे गुणही द्यायला शिकले पाहिजे, कारण नोकरीतली निम्मीशिम्मी मेहनत तीच असते आणि तिला आज प्रतिष्ठा नाही.

आणि जे शिकून कामाला लागले आहेत त्यांच्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे. कोडचा कोणताही बदल मंजूर करण्याआधी विचारा, की या बदलामुळे कोणाला काय बदलावे लागेल, आणि ते बदलण्याची ताकद त्याच्याकडे आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर ते काम आपले आहे. ते करूनच बदल मंजूर करावा.